मिशन संपलं, माणसं कुठे गेली? निवृत्त मदतकर्मी आणि त्यांचे जुने सहकारी

सांजवारा

युद्ध, भूकंप, दुष्काळ, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी मदतकार्यात उमेदीची वर्षं घालवून आता निवृत्त झालेले बरेच जण या मंचावर आहेत, असं वेगवेगळ्या प्रतिसादांवरून जाणवतं. त्यांच्याशी एका विषयावर सविस्तर बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

इतर नोकऱ्यांत निवृत्त होणाऱ्याचे सहकारी पुष्कळदा वर्षानुवर्षं तेच असतात. आपल्याकडे सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं कंत्राट, सगळी टीम एकाच घरात, रात्री गोळीबार ऐकू आला की सगळे एकाच खोलीत. कोण घाबरल्यावर गप्प होतं, कोण उगाच बडबडतं, कुणाला घरून आलेला फोन घेववत नाही, हे सगळं आपण पाहिलेलं असतं. इतकं तर नात्यातल्या माणसांचंही दिसत नाही. आणि मग कंत्राट संपतं, एक जण दक्षिण सुदानला जातो, एक हैतीला, कार्यालयाचा ईमेल त्याच रात्री बंद होतो आणि त्यातले सगळे पत्ते जातात.

तरी परदेशातून आलेले लोक एकमेकांना पुन्हा सापडतात. पुढच्या मिशनवर, प्रशिक्षणात, मुख्यालयात कुठेतरी गाठ पडतेच. माझा खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. जगभरच्या मदतकार्यात ९० टक्क्यांहून जास्त कर्मचारी त्या त्या देशातलेच असतात. चेकपोस्टवर खाली उतरून बोलणारा ड्रायव्हर, प्रत्येक मुलाखतीत शेजारी बसलेली दुभाषी, फाटकावरचा पहारेकरी, लसीकरणाची यादी पाठ असलेली परिचारिका. निवृत्तांच्या स्नेहमेळाव्यांचे फोटो पाहिले तर त्यात हे ९० टक्के जवळजवळ नसतातच. आपण ज्यांच्या भरवशावर जिवंत परत आलो, ते आता कुठे आहेत हे आपल्याला माहीत नसावं, ही गोष्ट मला फार लागते.

तुम्ही संपर्क कसा ठेवलात? विशेषतः स्थानिक सहकाऱ्यांशी? काय टिकलं, काय नाही, आणि कुठे जपून राहावं लागलं? सविस्तर लिहा.

बिनतारी

चांगला विषय. मी लॉजिस्टिक्सवाला, म्हणजे गाड्या, गोदाम, जनरेटर आणि रेडिओ रूम.

पहिली गोष्ट, माणसं संस्थेच्या नावानं शोधू नका, मिशन आणि वर्ष यांवरून शोधा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेहमध्ये काम केलेल्यांचा आमचा एक गट आहे. त्यात निरनिराळ्या संस्थांतले लोक आहेत, कारण तिथे गोदाम एकाचं, ट्रक दुसऱ्याचे आणि धक्क्यावर बसणारा माणूस तिसऱ्याचा असायचा. संस्थेच्या अधिकृत माजी कर्मचारी यादीत हे तिघं कधीच एकत्र आले नसते.

दुसरी गोष्ट, मिशनवर आडनावं कुणाला ठाऊक असतात? ठाऊक असतो तो कॉल साइन, म्हणजे रेडिओवर हाक मारायचं ठरलेलं नाव. संध्याकाळच्या रेडिओ चेकला रोज तोच आवाज, तोच कॉल साइन. गट सुरू केला तेव्हा आम्ही आधी कॉल साइनची यादी जमवली आणि प्रत्येकापुढे नाव भरायला सांगितलं. ज्यांची पूर्ण नावं कुणालाच सांगता येत नव्हती, असे ड्रायव्हर आणि रेडिओ ऑपरेटर याच रीतीनं सापडले, कारण त्यांना बाकीच्यांचे कॉल साइन आपल्यापेक्षा चांगले आठवत होते.

तिसरी गोष्ट नंबरची. संघर्षाच्या प्रदेशात सिमकार्ड सारखी बदलतात. नेटवर्क बंद पडतं, माणूस विस्थापित होतो, फोन हरवतो. म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या भावाचा, बहिणीचा किंवा शेजाऱ्याचा दुसरा नंबरही घेऊन ठेवावा, अर्थात त्या माणसाला विचारून.

आणि एक, लिहायचा आग्रह धरू नका. इंग्रजी लिहायला संकोच वाटणारे लोक व्हॉइस मेसेजवर मनसोक्त बोलतात. आमचा गट खऱ्या अर्थानं बोलता झाला तो आवाजी निरोप सुरू झाल्यावर.

निळा_कागद

मी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतून निवृत्त. आमची बाजू त्या मानानं फारच सोयीची आहे, हे आधी मान्य करते. माजी कर्मचाऱ्यांच्या देशोदेशी संघटना आहेत, आणि त्यांचा महासंघ, फाफिक्स, १९७५ पासून काम करतोय. निवृत्तिवेतन निधीपुढे पेन्शनधारकांची बाजू तोच मांडतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की या संघटना म्हणजे चहापानाचे कार्यक्रम. पण त्यांचं खरं काम अगदी रुक्ष कागदांत असतं. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो फोनवरच्या ॲपमधून चेहरा दाखवूनही देता येतो, पण वयस्क माणसाला ते जमेलच असं नाही, कागदी फॉर्म टपालात अडकला तर आणखी घोळ. अशा वेळी जुना सहकारी घरी जाऊन बसतो आणि ते काम पार पाडतो. सहकारी गेल्यावर त्याच्या जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आरोग्यविम्याचं काही करावं लागतं, हे घरच्यांना अनेकदा माहीतच नसतं. मृत्यूची बातमी निधीला वेळेवर कळवणारं आणि विधवेबरोबर बसून फॉर्म भरणारं कुणीतरी लागतं. संपर्काचा इतका ठोस उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे सगळं पेन्शन असलेल्यांसाठी. छोट्या कंत्राटांवर आयुष्य गेलेल्यांना आणि स्वयंसेवी संस्थांमधल्या बहुतेकांना असं छत्र नाही. सांजवारा म्हणतात ते ९० टक्के यात आणखी मागे पडतात.

रिकामी_ओंजळ

मला वेगळं सांगायचं आहे. निवृत्त झाल्यावर मी जाणूनबुजून सगळ्या गटांतून बाहेर पडलो. जुलै १९९४ मध्ये तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आताच्या काँगोतल्या, गोमाला कॉलरा पसरला तेव्हा मी तिथे होतो. ज्वालामुखीची कठीण जमीन, कबर खणता येत नाही, रस्त्याकडेला चटयांत गुंडाळलेली प्रेतं. त्या काळातला कुणी भेटला की अर्ध्या तासात आम्ही तिथेच जाऊन पोचतो. मग पुढचे दिवस झोप नाही. सहकाऱ्यांवर माझं प्रेम आहे, पण संपर्क म्हणजे प्रत्येकाला बरं वाटणारीच गोष्ट, असं कृपा करून गृहीत धरू नये. जो गटात नाही तो माणूसघाणा किंवा कृतघ्न नसतो.

मनमोकळं

रिकामी_ओंजळ, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी मदतकर्मींच्या मानसिक आरोग्याचं काम करत असे. २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात बराच वाचला गेला. १९ संस्थांमधल्या २१२ आंतरराष्ट्रीय मदतकर्मींना मिशनवर जाण्याआधी, मिशन संपताना आणि त्यानंतर काही महिन्यांनी प्रश्न विचारले होते. नैराश्याची लक्षणं असलेल्यांचं प्रमाण जाण्याआधी १०.४ टक्के होतं, परतताना १९.५ आणि काही महिन्यांनंतर २०.१. म्हणजे परत आल्यावर ते उतरलं नाही. चिंतेचं प्रमाण मात्र काही अंशी खाली आलं. ज्यांना आजूबाजूच्या माणसांचा भक्कम आधार होता त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं.

यावरून लोक घाईनं म्हणतात, मग जुन्यांशी बोलत राहा. मी इतकं सरळ म्हणणार नाही. आधार देणारी माणसं जुने सहकारीच असली पाहिजेत असं त्या अभ्यासात नाही. आणि ठरलेलं काहीच नसताना जमलेला गट तुम्ही सांगता तसा पुन्हा पुन्हा त्याच प्रसंगाकडे ओढला जातो, हे मीही पाहिलं आहे. ज्या गटांत हातात काही काम असतं, कुणाचा कागद करून देणं, कुणाच्या मुलाला अभ्यासात मदत, तिथे ही ओढ कमी दिसते. दोघांनीच फोनवर बोलावं, आणि कशाबद्दल बोलायचं नाही हे आधीच एकमेकांना सांगून ठेवावं, असंही चालतं. झोप जात असेल तर मात्र सहकाऱ्यावर भागवू नका, तज्ज्ञाला भेटा.

वाटाडी

मी आतापर्यंत फक्त वाचत होते, पण सांजवारांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं उत्तर द्यावंसं वाटलं. मी त्या ९० टक्क्यांतली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रकल्पात स्थानिक परिचारिका होते.

निरोप समारंभात परदेशी सहकारी गळ्यात पडून रडत, "संपर्कात राहू" म्हणत. ते खोटं बोलत नव्हते. पण पुढच्या मिशनच्या धबडग्यात पहिल्या दोन-तीन पत्रांनंतर पत्रं थांबत. त्याचं मला वाईट वाटलं नाही. खरी अडचण नंतर आली. निधी संपला, प्रकल्प बंद झाला, कार्यालयाला कुलूप लागलं. पुढच्या नोकरीसाठी अनुभवाचा दाखला हवा होता. मुख्यालयाला लिहिलं तर तिथे मला ओळखणारं कुणी नाही, आणि आमच्या कार्यालयाच्या फायली कुठे गेल्या हे त्यांनाही सांगता येईना. मी अनेक वर्षं कॉलराच्या वॉर्डात रात्रपाळी सांभाळली, नव्या मुलींना शिरेतून सलाइन द्यायला शिकवलं, आणि कागदोपत्री त्यातलं काहीच नव्हतं.

मला पत्र दिलं ते माझ्या तेव्हाच्या प्रमुख परिचारिकेनं. त्या स्वतः निवृत्त झाल्या होत्या. एका जुन्या सहकाऱ्यामार्फत त्यांचा पत्ता मिळाला. त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती खाटांचा वॉर्ड, कोणती जबाबदारी, कुणाला काय शिकवलं. खाली सही आणि स्वतःचा फोन नंबर. नव्या संस्थेनं खरोखरच त्यांना फोन केला. ती नोकरी मला त्या पत्रावर मिळाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की आम्हाला वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत असं नाही, पण आमचं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं अशी माणसं फार थोडी आहेत, आणि ती तुम्ही आहात. प्रकल्प बंद पडले, संस्था विलीन झाल्या, तरी तुम्ही साक्ष देऊ शकता. तेवढ्यासाठी सापडत राहा.

सांजवारा

वाटाडी, तुमचा प्रतिसाद वाचून मी धाग्याचा प्रश्नच मनात बदलला. मी संपर्क टिकवण्याबद्दल विचारत होते. तुम्ही सांगताय की निवृत्त माणसानं सापडण्याजोगं असणं हे त्याच्या कामाचाच उरलेला भाग आहे. मला हे पूर्ण पटलं.

दूरदिवा

वाटाडींच्या मुद्द्याला जोडून एक सावधगिरी. मी अफगाणिस्तानात काम केलेल्यांपैकी. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं तेव्हा तिथल्या जुन्या सहकाऱ्यांचे निरोप येऊ लागले: आमचे फोटो काढून टाका, पोस्टवरची नावं पुसा. आपण प्रेमानं टाकलेला दहा वर्षांपूर्वीचा गटफोटो, त्यात संस्थेचं चिन्ह असलेलं जाकीट, खाली प्रत्येकाचं नाव. त्या आठवड्यात अशा प्रत्येक फोटोची धास्ती होती.

त्याच वेळी उलटीही गरज होती. अमेरिकी सरकारसाठी काम केलेल्या अफगाणांना विशेष व्हिसासाठी तेव्हाच्या वरिष्ठाचं शिफारसपत्र लागत होतं. म्हणजे ज्या कागदामुळे घरझडतीत जीव धोक्यात, तोच कागद बाहेर पडायला हवा. अशा वेळी निवृत्त वरिष्ठ सापडला आणि त्यानं तो कागद स्वतःकडे सांभाळून ठेवला, तर त्या माणसाला तो घरात ठेवावा लागत नाही. ही सोय तेव्हा अनेकांना उपयोगी पडली.

तेव्हापासून काही गोष्टी कटाक्षानं पाळतो. न विचारता कुणालाही गटात घालायचं नाही, कारण व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर २०२४ पासून युजरनेम ठेवता येतं, नंबर न दाखवता बोलता येतं, ते संवेदनशील देशांतल्या लोकांसाठी बरं. फोटो टाकण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला विचारायचं, आणि ज्याला विचारता येत नाही त्याचा फोटो टाकायचाच नाही. आज शांत असलेला देश उद्याही तसाच राहील असं धरून चालायचं नाही.

चौथा_थांबा

एक अवघड गोष्ट कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. पैसे.

२०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएडचं, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेचं, उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. त्या वर्षी आमच्या गटात नोकरी गेल्याचे निरोप एकामागून एक आले. शंभर टक्के प्रामाणिक माणसं, घरात सहा-सात खाणारी तोंडं, आणि संपर्क कुणाशी, तर ज्यांच्याकडे काहीतरी असेल असं वाटतं अशा आमच्यासारख्यांशी. निवृत्त माणसाचं उत्पन्न ठरलेलं असतं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं? नाही म्हटल्यावर लाजून दोन्हीकडचे लोक बोलणं बंद करतात, आणि नातं तुटतं ते असं.

आमच्या गटानं काय केलं ते सांगते. वर्षातून एकदा ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढे एका सामाईक निधीत टाकायचे. मागणी आली तर त्या देशातल्याच दोन जुन्या सहकाऱ्यांनी ठरवायचं, आजारपण आणि मुलांची फी याच दोन कारणांसाठी. घेणाऱ्याचं नाव गटात जाहीर होत नाही. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवू नये असं नाही, पण निधी असला की "निधीला विचारू या" म्हणता येतं आणि नकार अंगावर येत नाही. यात अडचणीही आहेत. निर्बंध असलेल्या देशांत पैसे पाठवणं बँकेकडून अडतं, आणि तिथे बेकायदेशीर वाट धरू नका, घेणाऱ्यालाच त्रास होतो.

बिनतारी

चौथा_थांबा, ठरवणारे त्याच देशातले ठेवलेत हे फार योग्य. बाहेरून ठरवायला गेलं की पुन्हा जुनी उतरंड उभी राहते.

झरा

मी पाणीपुरवठ्याचा अभियंता. आमच्या जुन्या टीमचा गट आठवणींसाठी सुरू झाला, पण टिकला प्रश्नोत्तरांमुळे. टीममधले तरुण स्थानिक तंत्रज्ञ आता स्वतः कार्यक्रम चालवतात आणि अडले की गटावर विचारतात. एकीनं विचारलं होतं, नळ चालू आहेत, दरडोई रोज १५ लिटरचं किमान प्रमाण कागदावर पूर्ण होतंय, तरी बायका ओढ्याचं पाणी का आणतात? गटातल्या एका निवृत्त आरोग्यसेविकेनं उलट प्रश्न केला, रांगेत किती वेळ लागतो आणि पाण्याला वास येतो का? रांग तासाची होती, आणि टाकीतल्या क्लोरीनची मात्रा जास्त झाली होती. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्याच्या किमान निकषांच्या, पुस्तिकेत नळ ५०० मीटरच्या आत आणि रांग ३० मिनिटांच्या आत हवी असं आहे, उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. आकडे प्रश्न विचारणारीला पाठ होतेच. कुठे पाहायचं, ते अनुभवानं सांगितलं.

मात्र आमच्यासारख्यांनी एक पथ्य पाळावं. आपण काम सोडल्यावर मार्गदर्शक तत्त्वं बदलली आहेत, स्फिअरचीच नवी आवृत्ती २०१८ ची आहे. "आमच्या वेळी" असं म्हणण्याआधी ती वाचावी. आणि निर्णय प्रत्यक्ष जागेवर असलेल्याचाच.

निळा_कागद

अवांतर वाटेल, पण मला १९ ऑगस्टबद्दल लिहायचं आहे. २००३ मध्ये त्या दिवशी बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ २००९ पासून जागतिक मानवतावादी दिन पाळतात. भाषणांत एकच नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि ते यायलाच हवं, पण मृतांमध्ये इराकी कर्मचारीही होते. आमच्या छोट्या गटात त्या दिवशी आम्ही फोनवर जमून आपापल्या मिशनवर गेलेल्यांची नावं वाचतो. पहिल्या वर्षी लक्षात आलं की पहारेकरी आणि ड्रायव्हर यांची पूर्ण नावं आमच्याकडे नाहीत. ती शोधायला आम्हाला तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना गाठावं लागलं. त्यातून काही कुटुंबांशी आजवर बोलणं चालू आहे. एका ड्रायव्हरच्या मुलीनं विचारलं, माझे वडील कामावर कसे होते? तिला सांगायला आमच्याकडे पुष्कळ होतं.

रिकामी_ओंजळ

हे वाचून एक विचारतो. मला गट नको, जुन्या गप्पा नकोत. पण वाटाडी म्हणतात तशी पत्रं मला लिहिता येतील. माझ्या हाताखाली काम केलेल्यांपैकी कुणाला दाखला हवा असेल तर मी कसा सापडू?

दूरदिवा

अगदी सोपं आहे. तुमचा एक कायमचा ईमेल पत्ता, जो कोणत्याही संस्थेचा नाही, तो तुमच्या मिशनमधल्या दोन विश्वासू स्थानिक सहकाऱ्यांकडे द्या आणि सांगा की कुणाला दाखला हवा असेल तर हा द्यावा. गटात यायची गरज नाही. तो ईमेल महिन्यातून एकदा तपासलात तरी पुरे.

मनमोकळं

आणि त्या दोघांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही कामाच्या पत्रापुरतेच उपलब्ध आहात. लोक मान राखतात.

सांजवारा

मी आजपासून माझ्या शेवटच्या दोन मिशनच्या याद्या करायला घेतल्या आहेत. कॉल साइनवरून सुरुवात केली आहे, बिनतारी यांचे आभार. वाटाडी, तुमच्याकडे त्या पत्राची प्रत असेल तर नाव-गाव झाकून तिचा साचा इथे द्याल का? म्हणजे सगळ्यांनाच वापरता येईल.

वाटाडी

पत्राची प्रत देत नाही, त्यात इतरांचीही नावं आहेत, पण साचा सांगते. प्रकल्पाचं ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पदाचं त्या वेळचं नाव, आणि लिहिणाऱ्याचं तेव्हाचं पद. मग प्रत्यक्ष केलेलं काम, विशेषणं न लावता: "मेहनती होती" याचा कुणाला उपयोग नाही, "रात्रपाळीत ती एकटी वॉर्ड सांभाळत असे" याचा होतो. कुणाला काय शिकवलं ते. प्रकल्प का बंद झाला ते एका वाक्यात, म्हणजे नोकरी का गेली याचा संशय राहत नाही. शेवटी सही, तारीख आणि चालू असलेला संपर्क.

ड्रायव्हरसाठी लिहीत असाल तर कोणती गाडी चालवली, कोणत्या रस्त्यांवर, रेडिओ वापरता येत होता का आणि किती वर्षं अपघाताविना गेली, हे जरूर लिहा. पुढची संस्था बहुतेक वेळा तेच विचारते.